कोठारांतील धान्य हातीं कसें पोंचतें : कळंब येथील वांटपास लागणाऱ्या कांटे, गाड्या व इतर साहित्याचा अंदाज

दुष्काळनिवारणाच्या कार्यास साहाय्य करणाऱ्या व्यापारी, जमीनदार व इतर उदार गृहस्थांकडून आम्हांस एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. तो असा कीं, आम्ही दिलेल्या रुपयाचें धान्यच घ्यावें. कांटे, ढकलगाड्या, लांकडी चौकटी यांवर तो कां खर्च करावा? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं त्यास कांट्याचा काय उपयोग, असें कोणाही सहृदय माणसास वाटणारच. म्हणून या बाबीचा खुलासा करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. वखारींत येऊन पडलेलें धान्य म्हणजे अजून साहाय्य नव्हे. तें मोजून, उचलून, पावसापासून राखून गरजूच्या हातीं पडतें तेव्हांच तें साहाय्य होतें. आणि तें किती लवकर पडेल हें राशीच्या आकारावर नव्हे, तर वाटेंतील सर्वांत संथ टप्प्यावर अवलंबून असतें. तो टप्पा कोणता हें आधीं हिशेबानें शोधावें आणि मग त्यावरच पैसा खर्च करावा, एवढेंच आम्ही येथें सांगणार आहों.

दुष्काळाच्या इतिहासांत माणशीं किती धान्य द्यावें याविषयीं पुष्कळ वाद झालेले आहेत. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं कामावरील पुरुषास दररोज एक पौंड धान्य व एक आणा एवढेंच प्रमाण ठरविलें, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध आवाज उठविला. परंतु ठरलेलें धान्य हातीं कसें यावें याची चर्चा त्या मानानें थोडी होते. त्याच दुष्काळांत १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गानें, म्हणजे आपल्या कर्जतवरूनच, धान्य देशावर चढत होतें. आगगाडीची शक्ति मोठी होती. पण स्टेशनापासून गांवापर्यंत बैलगाडीवांचून गति नव्हती, आणि दुष्काळांत चाऱ्याअभावीं पहिल्यानें खंगतो तो बैलच. एक टप्पा अडला म्हणजे त्याच्या मागचे सर्व टप्पे अडतात, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

कळंबची स्थिति

कर्जत तालुक्यांत अन्न तुटतें तें पाऊस नसतो म्हणून नव्हे. येथें वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु कळंबच्या आसमंतांत कातकरी व ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत. त्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें उन्हाळ्यांत वीटभट्ट्यांवर राबतात आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे घरीं परततात. लावणी संपली कीं मजुरी आटते, आणि हळवें भात हातीं येईपर्यंतचे दिवस काढणें कठीण जातें. एखाद्या वर्षीं पीक बुडालें तर हे कठीण दिवस लांबत जातात. ओढ्यांना पूर आला कीं वाडीचा व रस्त्याचा संबंध तुटतो. यास्तव कळंबसारख्या ठिकाणीं वांटपकेंद्र चालवावयाचें तर धान्य मृग लागण्यापूर्वींच भरून ठेवावें लागतें, आणि तें वांटावें लागतें भर पावसांत. पुढील सारा हिशेब हीच परिस्थिति डोळ्यांपुढें ठेवून मांडला आहे.

१. ओझें किती?

नमुन्यादाखल असें धरूं कीं, केंद्रावर १२०० कुटुंबें अवलंबून आहेत, दर कुटुंबांत सरासरी पांच माणसें आहेत, आणि शिधा पंधरा दिवसांचा एकदम द्यावयाचा आहे. माणशीं रोज ४०० ग्रॅम तांदूळ व ६० ग्रॅम डाळ धरल्यास कुटुंबास ३० किलो तांदूळ व साडेचार किलो डाळ होते. तीवर दोन लिटर तेल. यांतून माणशीं सुमारें १८०० ते १९०० उष्मांक मिळतात. आपत्काळांत सरासरी २१०० उष्मांक असावेत असें आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. म्हणजे हा शिधा चैनीचा नव्हे, उणाच आहे, आणि बाकीचें रानभाजी, मासे, खेकडे यांवर भागवावें लागेल.

आतां एकूण ओझें पहा. तांदूळ ३६,००० किलो, म्हणजे ५० किलोंचीं ७२० पोतीं. डाळ ५,४०० किलो, म्हणजे १०८ पोतीं. तेलाच्या २,४०० पिशव्या. बारा पिशव्यांचें एक खोकें धरल्यास २०० खोकीं. एकंदर १,०२८ नग व सुमारें ४४ टन वजन. नऊ टनांच्या मालमोटारीनें आणल्यास पांच खेपा.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती व्यापाऱ्यांस सांगावयास नको. हमालाच्या पाठीस टन ठाऊक नसतात, उचली ठाऊक असतात. पोतें मोटारींतून थप्पीवर गेलें ही एक उचल. थप्पीवरून कांट्यापाशीं आलें ही दुसरी. मोजून घेणाऱ्याच्या पदरीं पडलें ही तिसरी. तीन उचलींत काम होतें. परंतु घाईनें पोतीं दाराशींच रचून ठेवलीं व मागाहून आंत नेलीं, कीं चौथी उचल आली; डाळीची थप्पी तांदळामागें लागली व ती काढण्यास तांदूळ हलवावा लागला, कीं पांचवी. हजार नगांवर एकेक उचल वाढली म्हणजे हजार उचली वाढल्या. म्हणून पहिलें साहित्य विकत घ्यावयाचें नसून आंखावयाचें असतें : कोणतें पोतें कोठें पडेल याचा खडूनें जमिनीवर काढलेला नकाशा. त्यास पैसा पडत नाहीं.

२. कांटे किती?

वांटप चार दिवसांत पुरें करावयाचें, म्हणजे रोज ३०० कुटुंबें. रोज सहा तास दार उघडें ठेवल्यास तासास ५० कुटुंबें होतात. एका कुटुंबाचा तांदूळ तोलण्यास दोन मिनिटें व डाळीस एक मिनिट धरलें, तर एका कांट्यावर तासास २० कुटुंबें उरकतात. तेव्हां एकच कांटा असल्यास ३०० कुटुंबांस १५ तास लागतील. धान्य कोठारांत असूनही निम्म्याहून अधिक माणसें रिकाम्या हातीं परततील, आणि ज्यानें त्या दिवसाची मजुरी सोडली त्याची ती फुकट बुडेल.

दोन कांटे घेतले तर तासास ४० होतील. पण माणसें घड्याळाप्रमाणें सारख्या संख्येनें येत नाहींत. पहाटे वाडीवरून निघून सकाळींच येतात. पहिल्या दोन तासांतच निम्मीं, म्हणजे १५० कुटुंबें आलीं असें धरा. त्या वेळांत दोन कांट्यांवर ८० कुटुंबें उरकतील व ७० दारांत उभीं राहतील. शेवटच्या माणसास पावणेदोन तास पावसांत तिष्ठावें लागेल, आणि काम सहाऐवजीं साडेसात तास चालेल. तीन कांटे ठेवल्यास त्याच वेळीं ३० कुटुंबेंच मागें राहतात व अधिकांत अधिक अर्धा तास थांबावें लागतें. मुळींच थांबावें लागूं नये असें वाटल्यास चार कांटे चालू ठेवावे लागतील.

परंतु गर्दीच्या मापानें कांटे वाढविण्यापूर्वीं गर्दीच कमी करतां येते. दर वाडीस आदल्या आठवड्यांत वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या द्याव्या आणि तासास ५० कुटुंबें बोलवावीं; मग तीन कांटे पुरून उरतात. एक बिघडला तरी दोन कांट्यांवर ४० होतात व कामाचा बोजवारा उडत नाहीं. तसेंच डाळीचीं साडेचार किलोंचीं पुडकीं आदल्या संध्याकाळीं बांधून ठेवलीं, तर दर कुटुंबामागें एक मिनिट वांचतें आणि दोनच कांट्यांवर तासास ६० कुटुंबें उरकतात. त्यास दोन माणसांची अडीच तासांची मेहनत पडते. म्हणजे चिठ्ठी व पुडकें हींही वांटपाचीं साधनेंच होत, आणि तीं सर्वांत स्वस्त आहेत.

आमची मागणी चार कांट्यांची आहे : तीन चालू व एक राखीव. त्यांपैकीं निदान दोन विजेवांचून चालणारे असावे, कारण पावसाळ्यांत वीज जाणें हें नवल नव्हे. प्रत्येकावर वैधमापन खात्याचा चालू शिक्का असावा. आपल्याकडे पूर्वी चार शेरांची पायली चाले, आणि मापावर शीग द्यावी कीं काठानें सपाट करावें यावरून तंटे होत. माप भरणें कांट्याहून जलद खरें. पण तांदूळ जाडा कीं बारीक, ओला कीं सुका, यावरून त्याच मापांत वजन निराळें बसतें. कांटा सर्वांसमक्ष ठेवला म्हणजे घेणाराचा संशय जातो व देणाराचें नांव राखलें जातें.

३. गाड्या किती?

मालमोटार आली म्हणजे तिची १८० पोतीं दोन तासांत उतरून तिला मोकळी करणें श्रेयस्कर. गाडी खोटी झाली कीं भाडें वाढतें व पुढची खेप चुकते. तेव्हां तासास ९० पोतीं आंत गेलीं पाहिजेत. आठ पोतीं मावतील अशी चारचाकी ढकलगाडी घेतली, आणि भरण्यास तीन मिनिटें, जाण्यायेण्यास एक व उतरून थप्पी लावण्यास चार, अशीं आठ मिनिटें एका फेरीस धरलीं, तर एक गाडी तासास ६० पोतीं नेते. नव्वदांस साठांनीं भागलें कीं दीड येतो. म्हणून दोन गाड्या. हीच रीति कोणत्याही वखारीस लागू पडते : तासांत किती नग हलवावयाचे तें एका गाडीच्या तासांतील कामानें भागावें, आणि अपूर्णांक आल्यास वरची पूर्ण संख्या घ्यावी. वांटपाच्या दिवशीं थप्पीवरून कांट्यापाशीं सुमारें २५७ नग सहा तासांत आणावयाचे असतात. त्यास एकच गाडी पुरते. म्हणून तिसरी गाडी आम्ही मागत नाहीं. तिच्याऐवजीं एक जादा चाक व धुरा मागतों.

गाडीनें माणसें फार कमी होतात असेंही कोणीं समजूं नये. वीस मीटर अंतरावर पोतें पाठीवर नेऊन ठेवून परत येण्यास दोन मिनिटें धरल्यास तीन माणसें सतत चालतीं लागतात, आणि आळीपाळीनें विसावा द्यावयाचा तर सहा. मोटारीवर दोन व थप्पीवर दोन मिळून दहा. दोन गाड्या असल्यास आठ. फरक दोघांचा, पण पहिल्या रीतींत त्या सहांतील प्रत्येकानें दोन तासांत दीड टन ओझें पाठीवरून वाहिलें, आणि दुसऱ्या रीतींत तें चाकांनीं वाहिलें. पूर्वीं शंभर किलोंचीं पोतीं उचललीं जात. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९६७ च्या शिफारशीनें प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो घालून दिली, आणि स्त्रियांसाठीं ती त्याहून पुष्कळ कमी असावी असें सांगितलें. ज्या महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा केला, तेथें दानधर्माच्या कामांतही हमालाची पाठ हिशेबांत धरली पाहिजे. शक्य तेथें हे हमाल वाड्यांवरूनच घ्यावे व त्यांस वाजवी मजुरी द्यावी. तोही निवारणाचाच भाग होय.

मात्र मोटार दाराला लागत असेल व थप्पी दहा पावलांवर असेल, तर गाडीची गरजच उरत नाहीं. गाडीची किंमत अंतर ठरवितें. म्हणून जागा निवडतांना दारापर्यंत मोटार येते कीं नाहीं हें पहिल्यानें पहावें, आणि दारांत मोटारीच्या फळीइतक्या उंचीचा मजबूत फलाट करावा. त्यामुळें पोतें खालीं उतरवून पुन्हां वर घेण्याचा दुहेरी त्रास टळतो.

४. जागा, चौकटी व ताडपत्र्या

पोत्यांतील एका टन धान्यास सुमारें दोन घनमीटर जागा धरल्यास ४४ टनांस ८८ घनमीटर लागतात. थप्पी खांद्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे दीड मीटर, केली तर ती हातानें लागते. त्याहून उंच गेल्यास शिडी, जादा माणसें किंवा यंत्र लागतें. दीड मीटर उंचीनें थप्प्यांखालीं सुमारें ५९ चौरस मीटर जमीन जाते. फिरण्यास, भिंतींपासून अंतर राखण्यास व कांट्यांस तितकीच आणखी. एकूण सुमारें १३०० चौरस फूट. जागा सढळ मिळाली तर यंत्र वांचतें, ही गोष्ट जमीनमालकांनीं लक्षांत घ्यावी. एखादा कोरडा गोठा वा रिकामी भातगिरणी चार महिन्यांकरितां देणें हें मोठ्या रकमेच्या देणगीतुल्य आहे.

कोंकणांतील जमीन पावसाळ्यांत खालून ओल सोडते. पोतें जमिनीवर ठेवलें तर पहिला थर बुरसतो, आणि तो काढण्यास सारी थप्पी हलवावी लागते. यास्तव दीड मीटर लांब व एक मीटर रुंद अशा ४० लांकडी चौकटी हव्यात. चार ताडपत्र्या हव्यात : दोन मोटार व दार यांमध्यें ताणण्यास व दोन रांगेतील माणसांच्या डोक्यावर. पोत्यांस लोखंडी आंकडा लावूं नये. फाटलेलें पोतें शिवण्यास दाभण व सुतळी, आणि सांडलेलें धान्य निवडण्यास चाळण हीं क्षुल्लक वाटलीं तरी नेहमीं हाताशीं असावीं.

५. काय नको

मोठ्या वखारींत पोतीं उचलून रचणारी यांत्रिक गाडी, म्हणजे फोर्कलिफ्ट, चालते. तशी द्यावी अशी इच्छा कोणा उदार दात्यास होणें स्वाभाविक आहे. तिला टणक व सपाट जमीन, ठराविक मापाचीं लांकडी पाटें, वळण्यास रुंद वाटा व शिकलेला चालक लागतो. आमच्या हिशेबांत पंधरवड्यास पांच मोटारी, म्हणजे दहा तासांचें उतरण्याचें काम आहे. बाकीचे सारे दिवस ती गाडी उभी राहील, आणि थप्प्यांची जागा मात्र खाईल. तितक्याच पैशांत कांटे, गाड्या व चौकटी येऊन पुष्कळ उरेल.

६. वखारीच्या दारापुढचा मार्ग

केंद्राचा हिशेब दारापाशीं संपत नाहीं. कुटुंबाचा पंधरवड्याचा शिधा सुमारें ३६ किलो भरतो. तो डोक्यावर घेऊन चिखलाच्या पायवाटेनें डोंगरवाडी चढणारी बाई बहुधा एकटी असते. निम्मा शिधा दर आठवड्यास द्यावा म्हटलें तर ओझें हलकें होतें, पण खेपा दुप्पट होतात व कांट्यांवरील गर्दीही. म्हणून शिधा १८ किलोंच्या दोन गांठोड्यांत बांधून द्यावा, आणि दूरच्या वाड्यांसाठीं रस्ता संपतो तेथपर्यंत लहान टेंपोनें न्यावा, असा आमचा विचार आहे. पुढें कावडीस किंवा दोघांच्या डोक्यांस तो पेलतो. शेजारच्या खालापूर तालुक्यांत १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हां वाडीपर्यंत रस्ता नसल्यामुळें माती उपसणारीं यंत्रें वर जाऊं शकलीं नाहींत. माणसें चालत चढलीं व हातांनींच उपसा करीत राहिलीं. आपल्या डोंगराळ मुलुखांत शेवटचा टप्पा माणसाच्या पायांचाच असतो. त्या पायांवर ओझें किती टाकावयाचें, हें वखारींतच ठरतें.

दात्यांस विनंती

वरील आंकडे १२०० कुटुंबांच्या नमुन्यावर बसविले आहेत. कुटुंबें दुप्पट झालीं तर सारें साहित्य दुप्पट लागेल असें नाहीं. वांटपाचे दिवस चाराऐवजीं आठ केले तर त्याच कांट्यांवर व त्याच गाड्यांवर काम होतें. दुप्पट लागतात त्या चौकटी व जागा. म्हणजे हें साहित्य एकदां जमलें कीं पुढील वर्षीं त्याचा खर्च नाहीं, आणि दर पावसाळ्यांत तें धान्याला वाट करून देतें.

तेव्हां आमची विनंती अशी आहे. ज्यांच्या दुकानीं वा गिरणींत कांटा किंवा ढकलगाडी पावसाळ्याचे चार महिने रिकामी असते, त्यांनीं ती उसनी द्यावी. भात कापणीस येतांच दुरुस्त स्थितींत परत करण्याची हमी आम्ही देतों. ज्यांच्यापाशीं जुनें लांकूड आहे त्यांनीं चौकटींसाठीं तें द्यावें. ज्यांची जागा मोटारीच्या रस्त्यास लागून आहे त्यांनीं ती दाखवावी. आणि ज्यांस रोख रक्कम द्यावयाची आहे त्यांनीं तिच्यांतील लहानसा भाग या साहित्यास लावण्याची मुभा द्यावी. आपण दिलेल्या प्रत्येक पोत्याचें पुण्य तें मोजून कोणाच्या तरी हातीं पडेपर्यंत अपुरेंच असतें. तें पुरें व्हावें एवढ्यासाठींच ही मागणी आहे.